कापसाची बैठक

त्या वर्षी आमच्या समोरच्या खोलीत कापूस राहत होता आणि आम्ही उरलेल्या घरात.

राहत होता म्हणजे अक्षरशः राहत होता! दसऱ्यानंतर पहिल्या वेच्याचा आला तेव्हा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मग दुसऱ्या वेच्याचा आला, तिसऱ्या वेच्याचा आला, आणि संक्रांत आली तोवर त्यानं खिडकी झाकली, देवाचं कॅलेंडर गिळलं आणि पाठ थेट आढ्याला टेकवली. समोरचं दार वीतभर उघडायचं. त्या फटीतून बारीक माणूस आडवा होऊन आत येऊ शकत असे. माझ्यासारख्या माणसानं मागच्या दारानं, गोठ्यातून यावं, अशी घराची रचनाच होऊन गेली.

"भाव येऊ दे," मामाजी म्हणायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. भाव काही यायला तयार नव्हता. सरकारी खरेदी कधी सुरू व्हायची, कधी बारदाना नाही म्हणून बंद पडायची. व्यापारी यायचा तो मुलगी पाहायला आल्यासारखा. कापूस पाहायचा, हातात घेऊन धागा ओढायचा, चहा प्यायचा आणि "कळवतो" म्हणून निघून जायचा. कळवायचा काही नाही.

बाभुळगावाकडचं आमचं सगळं गावच असं कापसानं तुंबलेलं होतं. माणसं अंगणात झोपायची आणि कापूस घरात. लग्नं पुढं ढकलली जात होती. दोनेक घरांतून तर माणसंच निघून गेली, आणि ती कशी गेली हे कोणी मोठ्यानं विचारत नसे. संध्याकाळी दिवे लागायचे, पण बोलणं ऐकू यायचं नाही. अशा वर्षी मी घर सजवायला घेतलं, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

त्याचं कारण सासूबाई. पौषात त्या गेल्या. शेतातून आल्या, अंग कणकण करतंय म्हणाल्या, आणि यवतमाळला न्यायला जीप मिळेपर्यंत वेळ निघून गेली होती. ते दुःख होतंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायची वेळ आली तेव्हा समोरचं दार उघडेना. आत कापूस, मध्ये दार. माणसांनी जोर लावला, मामाजींनी आतून कापसाला खांदा लावला, दार वीतभराच्या पुढं सरकलं नाही. शेवटी सासूबाईंना मागच्या दारानं, गोठ्यातून, बैलांच्या मधून न्यावं लागलं. त्यांच्या मोठ्या बहीण, दिग्रसच्या द्वारकामावशी, समोरच्या अंगणात हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. तिरडी मागच्या बोळातून निघाली.

मावशी तेव्हा काही बोलल्या नाहीत. तेराव्याला बोलल्या.

"माही बहीण ज्या दारानं माप ओलांडून आली, त्या दारानं गेली नाही," त्या मामाजींना म्हणाल्या. "गोठ्यातून नेली तिले, बापू. आता मी या घरी आली तं समोरच्या दारानं येईन अन् समोरच्या खोलीत बसून जेवीन. नाही तं अथी पाणी बी नाही प्यायची."

मामाजींनी मान खाली घातली. ती जी घातली ती चैत्र संपेपर्यंत वर काढली नाही. जेवायचे, शेतात जायचे, येऊन ओसरीवर बसायचे. बोलायचे फक्त बैलांशी.

मग अक्षय तृतीया जवळ आली. आमच्याकडं त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. पाण्यानं भरलेली नवी घागर, वर आंबा, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं कोणाला तरी पानावर बसवायचं. सासूबाई सवाष्ण गेलेल्या, म्हणून सवाष्णच बसायला हवी.

"द्वारकाबाईच बसन," मामाजी म्हणाले. "दुसरी नाही चालत."

"मंग कापूस हालवा, बाबा," आमचे हे म्हणाले. (हे म्हणजे माझे यजमान. गावच्या शाळेत मास्तर.)

"भाव आल्याबिगर बोंडसुदिक हालणार नाही."

"मंग मावशी बसन कुठी? आढ्याले लटकवायचं का तिले?"

आणि तिथं मी तोंड उघडलं.

इथं सांगायला हवं की लग्नाआधी मी यवतमाळला गृहसजावट आणि आदरातिथ्याचा क्लास केला होता. पडद्यांच्या चुण्या, फुलांची मांडणी, पाहुण्यांसमोर पापड मोडू न देता कसा ठेवावा, असं सगळं. आमच्या क्लासच्या बाई सांगायच्या, "घरातली अडचण लपवू नका, तिची शोभा करा." हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आमच्या घरात अडचणी भरपूर, पण शोभा करण्याइतकी मोठी अडचण तोवर मिळालेली नव्हती.

"कापूस हालवायचाच नाही," मी म्हटलं. "त्याचीच बैठक करायची. भिंतीला सारायचा, दाबायचा, वरून चादरी घालायच्या. मऊ मऊ बैठक! मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना खाली पाटावर बसायचा त्रासही नाही. समोर चौरंग ठेवू. मागं कापसाचा जो डोंगर उरेल त्याला पडदा लावू. खोली कशी राजवाड्यासारखी दिसेल."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "कापसावर पाव्हणे बसवणं? हे शिकवलं का वं तुह्या क्लासात?"

"टाकाऊतून टिकाऊ शिकवलं होतं."

"कापूस टाकाऊ नाही, सूनबाई," मामाजी म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून मामाजी माझ्याशी पूर्ण वाक्य पहिल्यांदाच बोलले होते. मला इतका आनंद झाला की मी ती परवानगी समजले.

शेजारच्या शेवंताबाईंना मदतीला घेतलं. दोघींनी पदर खोचले, तोंडाला फडकी बांधली आणि वीतभर फटीतून आत शिरलो; मला शेवंताबाईंनी आतून ओढून घेतलं. कापूस भिंतीकडं ढकलायचा म्हणजे काय असतं ते ढकलल्याशिवाय कळत नाही. इकडून ढकलला की तिकडून निघतो, तिकडून दाबला की डोक्यावर येतो. शेवटी आम्ही त्यावर चढून नाचलोच. दुखवट्याच्या घरात दोन बायका समोरच्या खोलीत धबाधबा नाचताहेत हे रस्त्यावरून जाणाऱ्यांना फटीतून दिसत होतं. गावात त्याचा काय अर्थ लावला गेला ते मी विचारलं नाही.

पण दार उघडलं! पूर्ण उघडलं! भिंतीलगत गुडघाभर उंचीची लांब बैठक तयार झाली आणि तिच्या मागं आढ्यापर्यंत उभा कडा. खुंट्यांना दोर बांधून मी तो आवळला.

"मास्तरीणबाई, हे धकन का?" शेवंताबाईंनी वर बघत विचारलं.

"अहो, दाबलेला कापूस दगडासारखा होतो."

"दगड बी पडते ना वं बाई कधी कधी," त्या म्हणाल्या. मी लक्ष दिलं नाही. क्लास मी केला होता!

आता पडदा. माझ्या साड्या पुरेनात. मी ओसरीवर जाऊन मामाजींना म्हटलं, "दोरावर टाकायला चारदोन लुगडी हवी होती." ते उठले, आत गेले, सासूबाईंची पेटी उघडली आणि एकेक लुगडं काढून माझ्या हातावर ठेवू लागले. जांभळं, मोरपंखी, हिरवं. हिरव्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"हे नेसलीच नाही ते," मामाजी म्हणाले. "ठेवणीतलं म्हणे. कायले ठेवलं कोण जाणे."

मी लुगडी टांगली तेव्हा ते उंबऱ्यावर बसून बघत होते. पडदा चांगला दिसतो का, असं विचारायला मी वळले, आणि त्यांचा चेहरा बघून परत चुण्या घालायला लागले.

खोली झाल्यावर मी थांबायला हवं होतं. पण हुरूप आला की माणूस स्वयंपाकघरात शिरतो. सासूबाईंच्या फळीवर सगळे जगावेगळे डबे होते. एक बिस्किटाचा, एक बिनझाकणाचा, एक औषधाचा, एक कुठल्याशा लग्नात आलेला. क्लासमध्ये सांगितलं होतं, डबे एकसारखे असले की स्वयंपाकघर हसरं दिसतं. मी आठवडी बाजारातून एकसारखे डबे आणले, सगळ्यांना गुलाबी कागद चिकटवला, सामान ओतलं आणि जुने डबे गोठ्याच्या माळ्यावर टाकले. स्वयंपाकघर हसायला लागलं. मला मात्र हळद काढायला प्रत्येक डबा उघडावा लागायचा.

दुपारी मामाजी पाणी प्यायला आत आले. पाण्याबरोबर गुळाचा खडा खायची त्यांची सवय. फळीसमोर उभे राहिले. हात वर गेला, थांबला, एका डब्यावरून दुसऱ्यावर फिरला आणि खाली आला.

"हिरव्या झाकणाचा कुठी गेला?" त्यांनी विचारलं.

"काढून ठेवला, मामाजी. गूळ आता यात आहे. नाही, यात. थांबा हं, यात तांदूळ आहेत..."

गूळ सापडेपर्यंत ते नुसतं पाणी पिऊन निघून गेले होते. मी माळ्यावर चढून हिरव्या झाकणाचा डबा शोधून आणला आणि गुलाबी रांगेच्या मधोमध ठेवला. सुंदर रांगेची वाट लागली. पण संध्याकाळी खडा गेलेला होता.

अक्षय तृतीया उजाडली. ऊन असं की सकाळीच चप्पल घातल्याशिवाय अंगणात पाय ठेववत नव्हता. आता एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण तिच्याकडं मीही तोवर डोळेझाक केली होती. महिनोनमहिने घरात पडलेल्या कापसात बारीक किडा होतो. दिसत नाही, पण चावतो. आमच्या सगळ्या गावाला त्या उन्हाळ्यात खाज होती. दोन माणसं रस्त्यात भेटली की रामराम करायच्या आधी दंड खाजवून घ्यायची.

"पाहुण्यांना खाज नको," मी म्हटलं. "कडुनिंबाचा धूर देऊ. किडे पळून जातील."

"कापसाजवळ इस्तव?" हे ओरडले. "बयताड झाली का तू?"

"दारात ठेवू घमेलं. तुम्ही बादली घेऊन उभे राहा."

घमेल्यात निखारे, त्यावर ओला पाला. धूर आत शिरला. हे बादली घेऊन उभे राहिले, खोकले, रडले, पण हलले नाहीत. धूर निवळल्यावर मी अभिमानानं खोली न्याहाळली. किडे पळाले होते, यात शंका नाही. फक्त ते कापसातून पळून चादरीवर आले होते, हे मला नंतर कळलं.

मावशी यवतमाळला गाडी बदलून दुपार व्हायच्या आत पोचल्या. अंगणात थांबल्या. पूर्ण उघड्या दाराकडं बराच वेळ पाहिलं. मी पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. उजवा पाय उंबऱ्यावर ठेवून त्या आत आल्या आणि समोर बहिणीची लुगडी टांगलेली पाहून जागीच उभ्या राहिल्या.

"हे काय वं?"

"शोभा, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी हिरव्या लुगड्याला हात लावला. मग बैठकीवर बसल्या, जरा हलून पाहिलं आणि म्हणाल्या, "नरम हाय." माझ्या कानांना ते प्रशस्तिपत्र वाटलं. मी शेवंताबाईंकडं विजयी नजर टाकली. शेवंताबाई वर कड्याकडं बघत होत्या.

पूजा सांगायला आलेल्या महाराजांनी घागरीची पूजा सुरू केली. मामाजी समोर हात जोडून बसले. मी चौरंगावर पळसाची पत्रावळ मांडून वाढायला घेतलं. पुरणपोळी, वडे, कढी, कुरडया, द्रोणात आंब्याचा रस. सासूबाईंचा सगळा आवडता स्वयंपाक.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते असं की मावशी लहान होत चालल्या आहेत. कापूस हळूहळू दबत होता. वडे वाढले तेव्हा चौरंग त्यांच्या कमरेशी होता. कढी वाढली तेव्हा छातीशी. पोळीवर तूप घालेपर्यंत हनुवटीशी आला. मावशींनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, प्रत्येक प्रयत्नात आणखी खाली गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"मावशी, ठीक आहे ना?" मी विचारलं.

"मी बरी हाय," चौरंगाच्या पलीकडून डोळे म्हणाले. "पान दिसत नाही, एवढंच."

तेवढ्यात महाराजांचा मंत्र अडखळला. त्यांनी खांदा उडवला. पुन्हा सुरू केला, पुन्हा खांदा उडवला. मग पळीच्या दांड्यानं पाठीत खाजवलं आणि मंत्राच्या मधोमध "हाऽऽ" असा एक तृप्त उद्गार काढला. मामाजींनी एक पाय दुसऱ्या पायावर घासला. ह्यांनी दाराच्या चौकटीला पाठ लावून बैलासारखी वरखाली केली. पितराच्या पानावर बसलेल्या माणसानं खाजवायचं नसतं, म्हणून मावशी दात आवळून बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"सूनबाई," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "या चादरीत काही हाय का?"

आणि त्याच क्षणी वीज आली!

सकाळपासून भारनियमन होतं. उकाड्यात पाहुण्यांना वारा मिळावा म्हणून मी कोपऱ्यात टेबलपंखा ठेवला होता, आणि बटण दाबून विसरले होते. तो एकदम गरगरला. पहिल्या झोतात रसाच्या द्रोणावर कापसाचा थर बसला. दुसऱ्या झोतात महाराजांच्या दाढीला पांढरेपण आलं. तिसऱ्या झोतात पडद्याचा जांभळा पदर उडाला, पंख्याच्या जाळीत गेला आणि गुंडाळू लागला.

"बंद कर वं थो पंखा!" हे ओरडले.

मी धावले. पंख्यानं लुगडं ओढलं, लुगड्यानं दोर ओढला, दोरानं खुंटी उपटली. कड्यानं क्षणभर विचार केला. मग सगळाच्या सगळा, अजिबात आवाज न करता, मावशींवर आला.

पंखा गुदमरून थांबला. खोलीत पांढरा धुरळा. मावशी होत्या तिथं नुसता ढीग होता आणि ढिगातून चौरंगाचा एक पाय वर आलेला.

मामाजी उठले. मी त्यांना असं उठताना कधी पाहिलं नव्हतं.

"सुभद्रे!" ते ओरडले. "सुभद्रे! सुभद्रे!"

सुभद्रा माझ्या सासूबाईंचं नाव. ते दोन्ही हातांनी कापूस उपसत होते, मागं फेकत होते, तोंडात गेला तर थुंकत होते आणि तेच नाव घेत होते. आम्ही सगळे धावलो. हे, शेवंताबाई, महाराजसुद्धा. आधी अंबाडा सापडला, मग कपाळ, मग एक अतिशय रागावलेला चेहरा, भुवयांपासून हनुवटीपर्यंत पांढरा.

मावशींनी तोंडातला कापूस काढला. "सुभद्रा नाही. मी द्वारका हाय, बापू," त्या म्हणाल्या. "तिले काढाले उशीर झाला. मले तरी लवकर काढा, डोयात जाऊन राह्यला."

मामाजींचे हात थांबले. ते तिथंच त्या ढिगात बसले आणि रडू लागले. सासूबाई गेल्या तेव्हा रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. आता ढसाढसा रडत होते. आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती ताठ उभे होतो, कारण आमच्या अंगाला आग लागल्यासारखी खाज सुटली होती आणि रडणाऱ्या माणसासमोर खाजवणं बरं दिसत नाही. महाराजांचा धीर सर्वांत आधी सुटला. ते दारातून थेट विहिरीकडं पळाले.

मग अंगणात आंघोळी झाल्या. कडुनिंबाचा पाला घालून पाणी तापवलं, बायका गोठ्याच्या आडोशाला, पुरुष विहिरीवर. मावशींच्या लुगड्यात कापूस आणि किडे, सासूबाईंची लुगडी कापसाच्या ढिगाखाली. धुतलेली कोरडी अशी एकच साडी घरात उरली होती, माझी क्लासच्या वेळची. पिवळ्या जमिनीवर थाळीएवढे गुलाब! जन्मभर नऊवारी नेसलेल्या मावशींना मी ती गोल नेसवली.

"हे कसं नेसता वं तुमी पोरी?" त्या दोन पावलं टाकून म्हणाल्या. "पाय उचलत नाही नं काही नाही."

मला वाटलं, आता त्या तशाच गुलाबांसकट दिग्रसची गाडी पकडणार आणि आयुष्यात पुन्हा तोंड पाहणार नाहीत. मी रडवेली झाले. "मावशी, मी पुन्हा पान मांडते. समोरची खोली झाडून..."

"समोरची खोली पायली म्या," त्या म्हणाल्या. "आता चुलीपाशी वाढ."

त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. मामाजी मागोमाग आले, हात धुतले आणि माझ्या हातातलं रसाचं पातेलं घेतलं. मामाजींनी त्या घरात कोणाला वाढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वाढताना निम्मा रस द्रोणाबाहेर गेला.

"दार उघडत नव्हतं, द्वारकाबाई," ते खाली बघत म्हणाले. "म्या लय जोर लावला होता."

मावशी पोळी कुस्करत होत्या. "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "मी भायेरून ढकलून राह्यली होती."

मावशी पानावरचं सगळं जेवल्या. दुसऱ्यांदा रस मागून घेतला. आचवून उठताना फळीकडं बघितलं आणि मला विचारलं, "हे गुलाबी कायले लावलं वं, सूनबाई?" मी म्हटलं, "चुकलं." त्या म्हणाल्या, "राहू दे. उंदराले आवडन." पण जाताना समोरच्याच दारानं गेल्या, आणि मामाजी त्यांना सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत गेले. पिवळ्या साडीवरच्या गुलाबांच्या मागं पांढरं धोतर, दोघंही मधूनमधून थांबत होते. लांबून वाटावं, बोलायला थांबताहेत. खाजवायला थांबत होते.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी स्वतः जाऊन व्यापाऱ्याला आणलं. भाव त्यानं काय लावला ते विचारू नका. मामाजींनीही विचारलं नाही. ट्रॅक्टर दारात लागला, गडी कापूस भरू लागले आणि भरताभरता गड्यांनी एकेक हिसका देऊन खाजवायला सुरुवात केली. ट्रॉली हलली तेव्हा मामाजी रिकाम्या खोलीत गेले. भिंतींना अजून बोंडं चिकटलेली होती. त्यांनी एक काढून खिशात टाकलं, आणि खिडकी उघडली.

उन्हाळा संपता संपता गावात एकच लग्न झालं, ते शेवंताबाईंच्या पुतणीचं. आमंत्रण द्यायला त्या स्वतः आल्या. अक्षत हातावर ठेवली, चहा घेतला आणि उंबऱ्यावर जाऊन परत वळल्या.

"मास्तरीणबाई, राग नका मानजा. जेवाले नक्की या. पण मांडवाले हात नका लावजा."

मी हात लावला नाही. नुसती पंगतीत जाऊन बसले. मी बसताच उजवीकडच्या दोन बायका उठून पलीकडं गेल्या, डावीकडच्यांनी चटई ओढून घेतली, आणि समोरची एक नुसती माझ्याकडं बघूनच दंड खाजवू लागली. पण खरं सांगते, इतक्या ऐसपैस जागेत मांडी घालून मी आजवर कोणत्याच लग्नात जेवले नव्हते!